घरगुती उपकरणांसाठी सुरक्षित रिचार्जेबल बॅटरी कशी निवडावी

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन "चार्जिंगचे सेल द्या" एवढेच म्हटले, तर दुकानदार काउंटरवर तीन-चार प्रकार मांडतो. एकावर २००० असा आकडा असतो, दुसऱ्यावर ३०००, तिसऱ्यावर चक्क ९९००. आणि किमती मात्र आकडा वाढेल तशा उतरत जातात. ऑनलाइन खरेदीतही हेच चित्र दिसते. नवखा ग्राहक साहजिकच मोठ्या आकड्याकडे आणि कमी किमतीकडे वळतो, आणि गडबड तिथेच सुरू होते.

घरातील बहुतेक उपकरणे मी टप्प्याटप्प्याने रिचार्जेबल सेलवर आणली. त्या काळात दुकानदार, माहितीपत्रके आणि ओळखीचे दुरुस्ती कारागीर यांच्याकडून जे कळले, ते येथे क्रमाने मांडत आहे. सारांश आधीच सांगतो: सुरक्षित बॅटरी एकटी निवडता येत नाही. उपकरण, सेल आणि चार्जर या तिघांचे व्होल्टेज आणि सेलमधील रसायन परस्परांशी जुळले, तरच ती सुरक्षित ठरते. इन्व्हर्टरची मोठी लेड-ॲसिड बॅटरी हा स्वतंत्र विषय आहे, तो येथे घेतलेला नाही.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- उपकरणांची माहितीपुस्तिका (हरवली असल्यास कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी)
- भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' ॲप असलेला मोबाइल
- स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा
- साधा डिजिटल मल्टिमीटर (सक्तीचा नाही, पण असल्यास अनेक शंका घरीच मिटतात)
- न पुसली जाणारी शाई असलेले बारीक पेन
- खरेदीचे पक्के बिल. वॉरंटीचा दावा त्यावाचून करता येत नाही

१. दुकानात जाण्यापूर्वी उपकरणांची यादी करा

प्रत्येक उपकरणाचे बॅटरीचे झाकण उघडावे आणि आत काय छापले आहे ते लिहून घ्यावे: सेलचा आकार, सेल किती, आणि व्होल्टेज. घरातील उपकरणे साधारणपणे चार गटांत पडतात. पहिला गट एए आणि एएए आकाराच्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्यांचा, म्हणजे खेळणी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वायरलेस माउस, गेम खेळण्याचा कंट्रोलर, कॅमेऱ्याचा फ्लॅश. दुसरा गट स्वतःचा बॅटरी पॅक असलेल्यांचा: कॉर्डलेस फोन, ट्रिमर, मोबाइल. तिसऱ्या गटात सुटा लिथियम सेल लागणारी मोठी विजेरी आणि वीज गेल्यावर वायफाय राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस येतो. चौथा गट बटन सेलवर चालणाऱ्यांचा.

ही यादी झाली की काही नावांवर लगेच काट मारता येते. भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट इतकी कमी वीज घेतात की साधा सेल त्यांत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. तेथे महाग रिचार्जेबल सेल घालून त्याची किंमत वसूल व्हायला अनेक वर्षे जातील. रिचार्जेबल सेलचा खरा उपयोग महिन्या-दोन महिन्यांत सेल संपवणाऱ्या उपकरणांत आहे. माहितीपुस्तिकेत रिचार्जेबल सेल वापरू नयेत असे स्पष्ट लिहिले असेल, तर ती सूचना पाळावी.

२. सेलमधील रसायन ओळखा

निकेल-मेटल हायड्राइड. एए आणि एएए आकारासाठी नवख्या माणसाने डोळे झाकून निवडावा असा हा प्रकार आहे. यातील विद्युत-अपघटनी द्रव (सेलच्या आत विद्युतभार वाहून नेणारा) पाण्यावर आधारित असतो, त्यामुळे तो स्वतः पेट घेत नाही. याचा अर्थ हा सेल निरुपद्रवी आहे असा मात्र नाही: खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटा ठेवला, तर दोन्ही टोके जोडली जाऊन तो चटका बसण्याइतका तापू शकतो.

या सेलचे व्होल्टेज १.२ असते, तर साध्या अल्कलाइन सेलचे १.५. म्हणून उपकरण चालणार नाही, अशी शंका बहुतेकांना येते. प्रत्यक्षात अल्कलाइन सेलचे व्होल्टेज वापर सुरू होताच घसरू लागते आणि आयुष्याचा मोठा भाग तो १.३ ते १.१ व्होल्टच्या आसपासच काढतो. निकेलचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ वर स्थिर राहतो. त्यामुळे बहुतांश उपकरणे त्यावर व्यवस्थित चालतात. काही रक्तदाबमापक आणि जुनी खेळणी 'सेल कमी' असा इशारा लवकर देतात, एवढाच फरक जाणवतो.

जुन्या निकेल सेलची आणखी एक तक्रार असे: चार्ज करून ठेवलेला सेल काही आठवड्यांत आपोआप उतरत असे. सान्यो कंपनीने २००५ मध्ये 'एनेलूप' हा सेल आणला आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली आणि आज हे सेल त्या नावाने मिळतात. इतर कंपन्याही आता असे सेल बनवतात. वेष्टनावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' असे लिहिलेले असेल, तर तो सामान्यतः याच जातीचा असतो.

दीड व्होल्टचा लिथियम सेल. बाहेरून हा साध्या पेन्सिल सेलसारखा दिसतो, बहुधा अंगावरच यूएसबी-सीचे छिद्र असते. आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम-आयन सेल आणि ते व्होल्टेज १.५ वर आणणारे सर्किट असते. १.२ व्होल्टवर नीट न चालणाऱ्या उपकरणासाठी हा उपयोगी पडतो. त्याचे तीन दोष मात्र ध्यानात ठेवावेत. शेवटच्या क्षणापर्यंत १.५ व्होल्ट देऊन तो अचानक बंद पडतो, म्हणून उपकरणावरील बॅटरीची खूण कायम 'पूर्ण' दाखवते. आतील सर्किटमुळे रेडिओत खरखर येऊ शकते. आणि तिसरा दोष सर्वांत गंभीर: तो निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालता येत नाही.

सुटे लिथियम-आयन सेल. १८६५० हा यातला सर्वांत परिचित आकार; १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. नाममात्र व्होल्टेज ३.६ किंवा ३.७, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. यातील द्रव सेंद्रिय आणि ज्वलनशील असतो. सेल आत कुठे शॉर्ट झाला, मर्यादेबाहेर चार्ज झाला किंवा दाबला गेला, तर उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वाढते आणि ती आणखी उष्णता निर्माण करते. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे कठीण असते. म्हणून असा सेल संरक्षक सर्किटसह (म्हणजे चार्ज मर्यादेबाहेर गेला किंवा शॉर्ट झाला की प्रवाह तोडणाऱ्या सर्किटसह) असलेलाच घ्यावा किंवा ज्या उपकरणात ते सर्किट आहे त्यातच वापरावा.

याच कुळातील लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार उष्णता अधिक सोसतो आणि तुलनेने सुरक्षित मानला जातो. त्याचे व्होल्टेज ३.२ असून चार्ज करण्याची मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. त्यामुळे ४.२ व्होल्टचा चार्जर त्याला चालत नाही.

निकेल-कॅडमियम. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये अजूनही आढळतो. कॅडमियम विषारी आहे. नवे उपकरण घेताना हा प्रकार टाळावा.

येथील सर्वांत फसवा सापळा म्हणजे १४५०० नावाचा सेल. तो हुबेहूब एए आकाराचा असतो, पण व्होल्टेज ३.७ असते. दोन पेन्सिल सेलच्या उपकरणात असे दोन घातले, तर तीन व्होल्टच्या जागी सात व्होल्टहून अधिक जातात आणि उपकरण तत्काळ जळू शकते. दुकानदाराने "साइज तोच आहे, बसेल" असे म्हटले, तरी सेलच्या अंगावर छापलेले व्होल्टेज स्वतः वाचावे.

३. लेबलवरील आकड्याला भुलू नका

सेलची क्षमता एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तासांत लिहितात. प्रत्येक आकारात किती क्षमता मावू शकते याला रसायनशास्त्राने घातलेली मर्यादा आहे, आणि ती माहीत असली की बनावट माल लांबूनच ओळखता येतो. निकेलचा एए सेल साधारण २००० एमएएचचा असतो आणि उत्तम प्रतीचा २५०० ते २८०० पर्यंत जातो. एएए आकारात ७५० ते १००० हे प्रामाणिक आकडे आहेत. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या नामांकित १८६५० सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास थांबते. त्यामुळे १८६५० सेलवर ६८०० किंवा ९९०० छापलेले दिसले, की पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. ज्याने आकड्यात लबाडी केली, त्याने आतील संरक्षणावर खर्च केला असेल असे मानायला जागा नाही.

काट्याचा उपयोग येथे होतो. अस्सल १८६५० सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते, निकेलच्या एए सेलचे २५ ते ३० ग्रॅम आणि एएएचे १२ ते १३ ग्रॅम. सेल त्याहून बराच हलका भरला, तर वेष्टनाच्या आत लहान सेल दडवलेला असण्याची शक्यता आहे.

दुसरी हातचलाखी एककाची असते. दीड व्होल्टच्या लिथियम सेलवर पुष्कळदा ठळक अक्षरांत ३००० लिहितात आणि बारीक अक्षरांत 'एमडब्ल्यूएच', म्हणजे मिलिवॉट-तास. हा आकडा एमएएचशी थेट ताडता येत नाही. आधी त्याला व्होल्टेजने भागावे लागते. ३००० भागिले १.५ म्हणजे २००० एमएएच. शेजारच्या २००० एमएएचच्या निकेल सेलमध्ये २००० गुणिले १.२, म्हणजे २४०० मिलिवॉट-तास ऊर्जा असते. फरक आहे, पण लेबल भासवते तितका नाही.

पॉवर बँकेत याच्या उलट घडते. १०,००० एमएएच हा आतील ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा असतो. यूएसबीच्या ५ व्होल्टवर आणताना तो घटतो, आणि प्रामाणिक कंपनी 'रेटेड कपॅसिटी' म्हणून सहा हजारांच्या आसपासचा आकडाही छापते. हा लहान आकडा छापलेला असणे हे चांगले लक्षण समजावे.

मोठ्या क्षमतेचा सेल जास्त वर्षे टिकतो हाही गैरसमज आहे. एनेलूपच्या साध्या सेलविषयी कंपनी दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज करता येण्याचा दावा करते, तर २५०० एमएएचच्या 'प्रो' सेलसाठी ५०० वेळांचा. फ्लॅश किंवा खेळणी असे जादा वीज ओढणारे उपकरण नसेल, तर माझे मत साध्या सेलच्या बाजूने आहे.

४. नोंदणी क्रमांक पडताळून पाहा

भारतात लहान उपकरणांच्या रिचार्जेबल सेलना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. त्यासाठीचे मानक आयएस १६०४६ हे आहे. त्याचा भाग १ निकेलच्या सेलसाठी आणि भाग २ लिथियमच्या सेलसाठी. सेलवर किंवा वेष्टनावर मानक ब्युरोचे चिन्ह, हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षरानंतर आठ अंकी नोंदणी क्रमांक असावा लागतो. पॉवर बँक आणि ॲडॉप्टर यांनाही अशीच नोंदणी सक्तीची आहे.

केवळ चिन्ह पाहून समाधान मानू नये, कारण चिन्ह कोणीही छापू शकतो. बीआयएस केअर ॲपमध्ये आर क्रमांक तपासण्याची सोय आहे. तेथे क्रमांक भरल्यावर उत्पादकाचे नाव, उत्पादनाचा प्रकार आणि ब्रँड दिसतो. हे तपशील हातातील सेलशी जुळले पाहिजेत. दुसऱ्याच कंपनीच्या मोबाइल चार्जरचा क्रमांक सेलवर छापलेला निघाला, तर तो माल परत करावा. नुसते 'सीई' हे युरोपीय अक्षरचिन्ह असणे ही भारतातील नोंदणी नव्हे.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले १८६५० सेल नवे प्लॅस्टिक वेष्टन चढवून सुट्या बाजारात विकले जातात. वेष्टनावर सुरकुत्या, टोकांवर वेल्डिंगचे ठिपके किंवा खरवडल्याच्या खुणा दिसल्या, तर तो सेल नवा नाही.

५. चार्जरवर पैसे वाचवू नका

सेल उत्तम आणि चार्जर भिकार, ही जोडी घरोघरी दिसते. स्वस्त चार्जर दोन-दोन सेल एकत्र चार्ज करतो आणि ते भरले की नाही हे पाहत नाही. काही चार्जर ठरावीक तासांनी थांबतात, काही तेवढेही करत नाहीत. त्यामुळे जोडीतला एक सेल अर्धवट राहतो आणि दुसरा वाजवीपेक्षा जास्त तापतो.

चांगला चार्जर प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष देतो. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज किंचित खाली येते आणि तापमान चढते. ही खूण ओळखून चार्जर त्या सेलचा प्रवाह थांबवतो. खरेदी करताना प्रत्येक खणासाठी वेगळा दिवा किंवा वेगळा आकडा आहे का, आणि एकच सेल घातला तरी चार्जर चालतो का, हे विचारावे. एकच सेल घेणारा चार्जर बहुधा खणनिहाय काम करणारा असतो.

चार्जिंगचे काही नियम अपवाद न करता पाळावेत:

- अल्कलाइन किंवा साधा झिंक-कार्बन सेल चार्जरमध्ये कधीही घालू नये. तो गळतो किंवा फुटतो.
- चार्जर गादी, सोफा किंवा कागदांच्या ढिगाऱ्यावर ठेवू नये. फरशी किंवा स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा योग्य, मात्र गॅसच्या शेगडीपासून दूर.
- सेल कोमट होणे स्वाभाविक आहे. हात लावून धरता येत नसेल इतका तापला, तर चार्जरचा स्विच बंद करावा.
- लिथियमचे सेल सामान्यतः ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायचे असतात. विदर्भात मे महिन्यात पाराच ४५ च्या आसपास जातो, तेव्हा चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, घरातील थंड खोलीत करावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पॉवर बँक ठेवू नये.

६. पॅक बदलताना जुन्या पॅकवरील अक्षर न् अक्षर वाचा

कॉर्डलेस फोनच्या पॅकमध्ये बहुधा एएए आकाराचे तीन सेल मिळून ३.६ व्होल्ट असतात. नवा पॅक त्याच व्होल्टेजचा आणि त्याच रसायनाचा हवा. क्षमता थोडी अधिक असली तरी चालते. प्लग तसाच दिसला तरी लाल आणि काळी तार त्याच बाजूंना आहेत याची खात्री करावी, कारण उलट जोडणीचे पॅक बाजारात असतात.

मोबाइलची बॅटरी अधिकृत सेवा केंद्रातूनच बदलावी, असे माझे ठाम मत आहे. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला. कंपनीने पुढे जाहीर केलेल्या तपासात एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातील इलेक्ट्रोड (आतील धातूचा पातळ थर) वाकल्याचे आणि दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार अवशेष राहिल्याचे आढळले. एवढ्या बारीक दोषांनी आग लागत असेल, तर रस्त्यावरच्या टपरीत दाबून बसवलेल्या निनावी बॅटरीची खात्री कोण देणार?

७. बटन सेलच्या बाबतीत जोखीम घेऊ नका

सीआर२०३२ हा सेल रिचार्जेबल नाही आणि त्याला चार्ज करण्याचा प्रयत्न धोकादायक आहे. एलआयआर२०३२ हा त्याच आकाराचा रिचार्जेबल सेल मिळतो, पण त्याचे व्होल्टेज ३.६ असते, ३ नव्हे, आणि क्षमता पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ग्लुकोमीटर किंवा गाडीच्या किल्लीत साधा सीआर२०३२ च घालावा.

लहान मूल घरात असेल, तर बटन सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारीच उपकरणे घ्यावीत. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो. नुसता संशय आला तरी ओकारी काढण्याच्या फंदात न पडता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे.

८. सेलचे संच करा

नव्या सेलवर खरेदीचा महिना आणि संचाचे अक्षर पेनाने लिहावे: क, क, क, क, ख, ख, ख, ख. एका उपकरणात एकाच संचाचे सेल घालावेत. जुना आणि नवा सेल एकत्र घातल्यास जुना आधी रिकामा होतो, आणि इतर सेल त्यातून प्रवाह ढकलत राहिल्याने त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे अधिक-उणे टोकांची अदलाबदल होते. असा सेल कायमचा बिघडतो. ज्याला नवखे लोक 'कंपनीचा दोष' म्हणतात, त्यातले पुष्कळसे प्रकार असेच घडलेले असतात.

सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. लिथियमचा सेल महिनोन्‌महिने वापरायचा नसेल, तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड जागी ठेवावा. कोकणातील दमट हवेत उपकरणांच्या पत्र्याच्या स्प्रिंगांवर गंज चढतो. त्या अधूनमधून कोरड्या कापडाने पुसाव्यात. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी साचली असेल, तर कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून ती काढावी आणि जागा पूर्ण वाळू द्यावी.

विमान प्रवासात पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, ते हातातील बॅगेतच ठेवावे लागतात. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते.

९. निकामी सेल वेळीच बाजूला काढा

फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू साठला आहे. ती चार्ज करू नये, दाबू नये आणि टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर, शक्यतो धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवावी आणि लवकरात लवकर संकलन केंद्रात द्यावी. निकेलचा सेल चार्ज होताच उतरत असेल किंवा चार्जर त्याला ओळखत नसेल, तर त्याचेही आयुष्य संपले आहे.

लिथियम सेलने पेट घेतलाच, तर आधी माणसे बाहेर काढावीत, शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. ज्वाळा विझल्या तरी सेल आतून तापलेला राहतो आणि पुन्हा पेटू शकतो, म्हणून त्याला लगेच हात लावू नये.

संपलेले सेल घंटागाडीत टाकू नयेत. कचरा दाबताना लिथियमचा सेल चिरडला गेला, तर गाडीतच आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि वेष्टनावरील फुली मारलेल्या कचरापेटीची खूण त्याचसाठी असते. कंपनीच्या सेवा केंद्रात, मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानातील संकलन पेटीत किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे ते द्यावेत. तोवर साठवताना प्रत्येक लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि निकेल व लिथियम यांचे डबे वेगळे ठेवावेत.